58 दिवसांचे गवंडी: जुन्या घराच्या चुनेकामाचा एका पावसाळ्यानंतरचा अभिप्राय

सेवेबद्दल लिहिताना सेवा देणाऱ्याचे नाव द्यावे, हा साधा संकेत आहे. तो मला येथे पाळता येत नाही. ज्या मिस्त्रींनी आमच्या घराचे काम केले, त्यांनीच नाव आणि फोन नंबर कुठे छापू नका म्हणून बजावले आहे, कारण हाताशी माणसे तीनच आणि हातातली कामे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरणारी आहेत. ज्यांना त्यांची गरज असेल त्यांनी सोलापूरच्या जुन्या पेठांतून फिरताना एखाद्या वाड्यापुढे चुन्याचे पिंप आणि विटांच्या भुकटीचा ढीग दिसला, तर आत डोकावून विचारावे. आम्हालाही ते असेच सापडले. शेजारच्या गल्लीत एका घराच्या कामावर त्यांची परांची बांधलेली होती, आणि भाजी घेऊन परतताना माझे पती तिथे जे थांबले ते कोथिंबीर वाळेपर्यंत परतले नाहीत.

आमचे घर उत्तर कसब्यात आहे. माझे आजेसासरे जुन्या गिरणीत, म्हणजे 1877 साली सुरू झालेल्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलमध्ये, नोकरीला होते. त्यांनी हे घर विकत घेतले तेव्हाच ते जुने होते असे सासूबाई सांगतात. काळ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या हातभर जाडीच्या भिंती, पुढे सोपा म्हणजे ओसरी, मध्ये माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या सपाट मातीच्या छताची खोली, मग लहानसा चौक आणि त्याच्या कडेला स्वयंपाकघर, असा त्याचा आराखडा आहे. पुढच्या सोप्यावर नव्वदच्या दशकात सिमेंटचा स्लॅब टाकला गेला. मधल्या खोलीवरचे माळवद मात्र टिकले. घरात आम्ही चौघे असतो: सासूबाई, त्यांचे वय 83, आम्ही दोघे आणि नववीतली मुलगी. मुलगा पुण्यात शिकतो आणि घराबद्दलची त्याची सगळी मते फोनवरून येतात.

आमचे दुखणे तसे साधे होते. मधल्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतींना लोणा लागला होता, म्हणजे ओलीबरोबर मीठ वर येऊन भिंत झडत होती. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवून, वर चकचकीत रंग देऊन, आता वीस वर्षे बघायला नको असे सांगितले होते. तीन वर्षांत रंगाचे पापुद्रे सुटले, पाचव्या वर्षी कमरेच्या उंचीपर्यंत पांढरी पूड झडू लागली, आणि मग दर दिवाळीला खरवडा, पुट्टी भरा, रंग मारा हा आमचा नेम झाला. माळवदावरही पाणी अडवणाऱ्या कुठल्याशा रसायनाचा लेप दिला होता. तो उन्हाने तडकला. फटींतून पाणी आत जाऊ लागले आणि लेपामुळे वरून वाळेना. पावसाळ्यात पलंग कुठे सरकवायचा याचा आमच्या घरात ठरलेला नकाशा होता.

मिस्त्री पहिल्या दिवशी आले तेव्हा त्यांनी मोजपट्टी काढली नाही. भिंतीला पालथा हात लावत ते खोलीभर फिरले, दोन ठिकाणी बोटांनी टकटक केले, आणि सासूबाईंना विचारले, "अव्वा, सिमेंट व्हायच्या आधी ओल कुठवर यायची?" सासूबाईंनी जमिनीपासून वीतभर उंची दाखवली. "आन् आता?" त्यांनी कमरेला हात लावला. मिस्त्री अक्कलकोट तालुक्यातले, घरी कानडी बोलणारे; त्यांची मराठी थोडक्यात आटोपणारी आहे. "जमिनीतली ओल चढणारच की, वैनी. पूर्वी ती वीतभर चढून भिंतीतनंच वाळायची. आता वाळायला वाट न्हाई, म्हणून वर वर जाती." मीठ पाण्याबरोबर चढते, पाणी वाळते तिथे मीठ मागे राहते आणि तेच गिलाव्याला आतून ढकलते, हे त्यांनी पुढे भिंत उघडल्यावर दाखवले. सिमेंटचा एक तुकडा निघाला तो एखाद्या थाळीसारखा अखंड, आणि त्याच्या पाठीवर साखरेसारखे स्फटिक चिकटलेले. मुलीने तो तुकडा रसायनशास्त्राच्या बाईंना दाखवायला शाळेत नेला.

त्यांनी सांगितलेला अंदाज असा होता: तीन भिंतींचा सिमेंटचा गिलावा उतरवून चुन्याचा गिलावा, 14 बाय 11 फुटांच्या माळवदाची पूर्ण दुरुस्ती, लाकडाला तेलपाणी आणि सर्वत्र चुन्याची सफेदी, दिवस 45. मिस्त्रींची रोजची मजुरी 1,000 रुपये, आणि त्यांचा भाचा व एक बाई अशा दोन बिगाऱ्यांचे प्रत्येकी 650. साहित्याचे साधारण 35,000. एकूण 1,38,500 रुपये. प्रत्यक्षात 58 दिवस लागले, मजुरीचे 1,33,400 आणि साहित्याचे 41,200 मिळून 1,74,600 झाले. म्हणजे अंदाजापेक्षा 36,100 रुपये जास्त. छापील बिल मिळाले नाही. मिळाली ती मुलीच्या जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर, रोजच्या रोज तारीखवार लिहिलेली नोंद. त्यातला एकही आकडा मला खोटा आढळला नाही. तरीही ज्यांना कर्जासाठी किंवा कार्यालयात दाखवण्यासाठी रीतसर पावती लागते, त्यांची येथे अडचण होईल हे आधीच सांगितलेले बरे.

काम दिवाळीनंतर सुरू झाले, कारण चुनेकामाला ना पाऊस चालत ना सोलापूरचा उन्हाळा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो आणि त्या काळात भिंतीत थोडा ओलावा टिकावा लागतो. मेच्या उन्हात गिलावा घट्ट होण्याआधीच वाळून भुगा होतो. मात्र पहिले तीन आठवडे त्यांनी भिंतीला हातच लावला नाही. आधी चुना भिजवायचा होता.

तो दिवस मला नीट आठवतो. कळीचा चुना म्हणजे भट्टीत भाजलेल्या चुनखडीचे पांढरे गोटे. मिस्त्रींनी आमच्या प्लास्टिकच्या टाकीकडे पाहून मान हलवली आणि शेजाऱ्यांकडून लोखंडी पिंप मागून आणले. चौकात सगळ्यांना मागे उभे करून, मुलीला आणि मांजराला थेट सोप्यात पाठवून, त्यांनी पिंपात आधी पाणी भरले आणि मग घमेल्याने एकेक गोटा सोडायला सुरुवात केली. चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही, हे त्यांनी भाच्याला माझ्यासमोर तीनदा सांगितले. क्षणभर काही झाले नाही. मग तळाशी कुरकुर झाली, पाठोपाठ फुसफुस, आणि बघता बघता पिंप पिठल्यासारखे रटरटू लागले. वाफेने चौकातली तुळस दिसेनाशी झाली. खाली ना चूल, ना जाळ. मिस्त्रींनी डोळ्यांना चष्मा लावला होता, भाच्याने लावला नव्हता, आणि त्याबद्दल त्याने कानडीत जे ऐकले त्याचे भाषांतर करायला सासूबाईंनी नकार दिला. या सावधगिरीला माझ्याकडून पूर्ण गुण. चुन्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर काय होते, हे जाणणारा माणूस घरात असणे महत्त्वाचे असते.

पुढचे 21 दिवस ते पिंप चौकात मुरत होते, वर बोटभर पाणी ठेवून. लोणच्याच्या बरणीसारखे रोज झाकण उघडून पाहण्याचा मोह सगळ्यांना होई. पुण्याहून मुलगा विचारत असे, "चुना झाला का?"

या शहरात राहणाऱ्यांना पुढची अडचण सांगायची गरज नाही. आमच्या भागात नळाला चार दिवसांआड पाणी येते. उजनी धरण भरले तरी येते ते चार दिवसांआडच. परसातल्या बोअरचे पाणी वापरा म्हटले तर मिस्त्री ऐकेनात. ते खारे आहे, भिंतीतले मीठ काढायचे आणि पाण्यातून पुन्हा घालायचे, असले काम मी करणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. गिलाव्यावर तर दिवसातून तीन वेळा हलके पाणी मारायचे आणि ओली गोणपाटे टांगायची. म्हणून कामाचे सगळे वेळापत्रक नळाच्या दिवसाभोवती बसवण्यात आले. पाणी आले की पहिल्या तासात पिण्याचे आणि स्वयंपाकाचे, दुसऱ्यात भिंतीचे, उरले तर अंघोळीचे. माझे पती बँकेतून निवृत्त झाल्यापासून कशातच रमत नव्हते. या दिवसांत ते पहाटे चार वाजता नळाला कान लावून बसत आणि पाण्याच्या खर्चाचा तक्ता फ्रिजवर चिकटवत. भिंतीला किती बादल्या आणि आम्हाला किती, हे त्यावर स्पष्ट लिहिलेले असे. भिंतीचा आकडा मोठा असे.

सिमेंट उतरवताना त्यांनी विजेवर चालणारे ब्रेकर वापरले नाही. छिन्नी आणि हातोडा, तेही तिरपे धरून, कारण मातीतली दगडी भिंत हादऱ्याने आतून सुटते. यात वेळ गेला, आणि माझ्या अंदाजाने वाढलेल्या तेरा दिवसांपैकी निम्मे इथेच गेले. धुळीबद्दल मात्र तक्रार आहे. स्वयंपाकघर आणि चौक यांच्यामध्ये पडदा लावा, हे मला चार वेळा सांगावे लागले, आणि पडदा लागेपर्यंत पोह्यांच्या डब्यापासून देव्हाऱ्यापर्यंत सगळीकडे करडा थर बसला होता. मोकळ्या घरात काम करायची सवय असलेल्या माणसांना माणसे राहत असलेल्या घराचे भान यायला वेळ लागतो.

स्वयंपाकघराच्या भिंतीवरचे थर उतरत गेले तसे रंग दिसू लागले. वरचा पिस्ता, त्याखाली आमच्या लग्नाच्या वेळचा आकाशी, त्याखाली धुरकट पिवळा, आणि एका कोपऱ्यात, जिथे सिमेंट पोचले नव्हते, तिथे निळीची झाक असलेली जुनी सफेदी. त्या सफेदीवर कोळशाने ओढलेल्या उभ्या रेघांच्या रांगा होत्या, मध्येच एखादी आडवी. मिस्त्री थांबले आणि त्यांनी आम्हाला हाक मारली. मला वाटले मुलांनी केव्हातरी गिरगटलेले असेल. सासूबाई काठी टेकत आल्या, चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाल्या, "हा आमच्या आत्याबाईंचा दुधाचा हिशेब." त्यांच्या सासूबाईंना लिहिता येत नव्हते. गवळी आला की रतिबाची एक रेघ, म्हैस आटली की खाडा, महिना भरला की आडवी. कुठला खाडा कोणाच्या आजारपणातला, हे त्या रेघांवर बोट ठेवून सासूबाई सांगू लागल्या, आणि त्या दिवशी काम तासभर थांबले. त्या तासाची मजुरी वहीत लावलेली नाही, हे मी नंतर पाहिले.

आता हे ठेवायचे कसे, यावर रात्री चौकात जेवताना चर्चा झाली. मुलगी म्हणाली, काच लावू. मुलाने फोनवरून तेवढा तुकडा कापून चौकटीत बसवायची सूचना केली. मिस्त्रींनी सकाळी हाताने दाबून दाखवले. खालचा थर पोकळ झाला होता, धरून ठेवणे शक्य नव्हते. मी फोटो काढले, मुलीने पारदर्शक कागद लावून रेघा जशाच्या तशा उतरवल्या, आणि तरीही थापी लावायला मिस्त्रींचा हात धजेना. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "गवळ्याचे पैसे केव्हाच चुकते केलेत. लिंपून टाका."

चुन्याच्या गिलाव्याचे कौशल्य मला आधी कळले नसते, आता थोडेसे कळते. एक भाग चुना, तीन भाग वाळू आणि त्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. सुरखीमुळे चुना ओलसर जागीही घट्ट होतो. क्रश सँड आणली होती, ती त्यांनी धूळ जाईपर्यंत धुऊन घेतली, म्हणजे पुन्हा पाणी, म्हणजे पुन्हा फ्रिजवरचा तक्ता. दगडांच्या दरजा, म्हणजे सांधे, मोकळ्या करून भरल्या, भिंत भिजवली, पहिला हात जाड दिला, तो काही दिवस मुरू दिला, मग दुसरा, आणि शेवटी नीरूचा, म्हणजे बारीक गाळलेल्या चुन्याचा, पातळ थर. ओळंबा लावला असता भिंत मध्ये अंगठाभर पोटात गेलेली दिसली. सिमेंटवाल्याने ते पोट भरून भिंत सरळ केली होती. मिस्त्रींनी ती तशीच ठेवली आणि गिलावा तिच्या अंगाने फिरवला. माझ्या पतींना हे खटकले. बँकेत चाळीस वर्षे ताळेबंद जुळवलेल्या माणसाला वाकडी भिंत सोसत नाही. पण संध्याकाळी दिवा लावल्यावर त्या भिंतीवर जी मऊ सावली पडते, तिच्यासमोर ते हल्ली खुर्ची टाकून बसतात.

शेवटच्या आठवड्यात मिस्त्रींनी मुलीच्या हातात गिलावा सारखा करायचा रंधा दिला. बंबाच्या मागची, कोणाच्या नजरेस न पडणारी हातभर जागा त्यांनी तिच्यासाठी राखली होती. तिने तिथे नीरू ओढला, तो ओघळला, तिने पुन्हा ओढला. तेवढी जागा आजही खडबडीत आहे, आणि घरी येणाऱ्या प्रत्येक मैत्रिणीला बंबामागे वाकून ती बघावी लागते.

स्वयंपाकघर उघडे असल्यामुळे आम्ही चौकात स्वयंपाक केला आणि चौकातच जेवलो. मिस्त्रींच्या शिदोरीत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी असे. दात नसतानाही सासूबाईंना कडक भाकरीचा मोह अनावर, म्हणून त्या ती आमटीत कुस्करून घेत आणि बदल्यात मिस्त्रींपुढे गरम भात ठेवत. हा व्यवहार रोज दुपारी एक वाजता होत असे आणि दोन्ही बाजूंना आपलाच फायदा झाला असे वाटे. थंडीचे दिवस, डोक्यावर आकाश, परातीत हुरडा आणि समोर अर्धी लिंपलेली भिंत. काम चालू असतानाचे ते जेवण आता आवरलेल्या स्वयंपाकघरात मिळत नाही, याची मुलगी अधूनमधून तक्रार करते. रविवारी रात्री आम्ही अजूनही चौकात ताटे मांडतो.

अर्थात या चौकातल्या स्वयंपाकाचे चार दिवस मी आनंदाच्या खात्यात टाकणार नाही. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला मिस्त्री आणि त्यांचा भाचा दोघेही गेले. नंदीध्वजांची मिरवणूक आणि संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा सोडून कामावर या, असे सोलापुरात कोणी कोणाला म्हणू शकत नाही, आणि मीही म्हटले नाही. आम्ही स्वतः सिद्धरामेश्वरांच्या दर्शनाला गेलो होतो. पण जायच्या आधी स्वयंपाकघराची भिंत ज्या अवस्थेत सोडली ती सोडायला नको होती. ताडपत्री नीट बांधलेली नव्हती, रात्री वाऱ्याने ती फडफडत राहिली, आणि नवा गिलावा वाऱ्याच्या बाजूने लवकर वाळून त्याला केसासारख्या चिरा गेल्या. परतल्यावर त्यांनी तो भाग स्वखर्चाने काढून पुन्हा केला, त्याचे तीन दिवस वहीत नाहीत. चूक कबूल करायला मात्र दोन दिवस लागले. आधी वारा, मग वाळू, मग भाचा यांच्यावर आळ गेला.

माळवद हा या पथकाचा खरा हातखंडा आहे, आणि त्यासाठीच मी त्यांना पुन्हा बोलावीन. आधी रसायनाचा लेप आणि त्याखालची कुजकी माती उतरवली. तुळया शाबूत निघाल्या. एक कडी मात्र भिंतीत गेलेल्या टोकाला पाव फूट कुजलेली होती, ती बदलण्यासाठी जुन्या लाकडाच्या वखारीतून सागवान आणले. कडीपाटावर चिखलाचा थर आला. तो चिखल भुस्सा आणि शेण घालून, पायाने तुडवून आठवडाभर मुरवलेला होता, आणि त्या आठवड्यात शेजाऱ्यांनी आमच्याशी थोडे कमी बोलणे पसंत केले. वरची पांढरी माती मिस्त्रींच्या गावच्या एका पडलेल्या घराच्या भिंतीची. ती चाळून, थराथराने पसरून, धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट करून, पनाळीकडे उतार दिला. उतार बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी त्यांनी मधोमध एक तांब्या पाणी ओतले आणि सगळे शांत उभे राहिले. पाणी थोडे घुटमळले, मग वळले आणि पनाळीकडे गेले. माझ्या पतींनी टाळ्या वाजवल्या.

मधल्या खोलीचे साणे, म्हणजे छतातला उजेडाचा झरोका, कित्येक वर्षे पत्रा टाकून बंद केलेले होते. ते उघडून त्यावर काच बसवावी की नाही, यावर मतभेद झाले, बसवली. आता सकाळी साडेदहाच्या सुमारास उजेडाचा एक चौकोन सासूबाईंच्या पलंगावर येतो आणि अकराला उतरतो. गोळ्या घ्यायची वेळ त्या आता घड्याळावर पाहत नाहीत. मेमध्ये बाहेर पारा 43 वर असताना आमच्या साध्या तापमापकावर या खोलीत 34 दिसत होते, आणि स्लॅबच्या सोप्यात 39. वीजबिलाबद्दल मी काही दावा करत नाही, पंखा चालतोच. पण दुपारी घरातले सगळे याच खोलीत येऊन पडतात, आणि त्यामुळे एकमेकांशी बोलणे भाग पडते.

सफेदीचा अनुभव संमिश्र आहे. चुना पातळ करून जुन्या धोतरातून गाळला, त्यात मीठ आणि नीळ घातली, आणि घायपाताच्या कुंचल्याने तीन पातळ हात दिले. पहिला हात दिल्यावर भिंत जशीच्या तशी दिसते आणि पैसे पाण्यात गेले असे वाटते. वाळू लागली की हळूहळू पांढरेपण वर येते. दिसायला सुंदर. पण सोप्याकडच्या भिंतीवर ती नीट धरली नाही. टेकून बसले की पाठीला पांढरे लागते. लग्नाला निघालेल्या माझ्या पतींच्या काळ्या कोटावर आमच्या घराची खूण वऱ्हाडाने पाहिली. मिस्त्रींचे म्हणणे असे की भिंत पुरेशी ओली न करता हात दिला गेला, आणि तो नळाचा दिवस नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

लाकूडकाम हे त्यांचे क्षेत्र नाही आणि त्यांनी ते घ्यायला नको होते. मागच्या दाराची चौकट पुन्हा बसवताना ती सुताने कललेली राहिली, दार खाली घासते, आणि सकाळी सहा वाजता ते उघडले की सगळी गल्ली जागी होते. तुळयांना जवसाचे तेल दिले ते छान मुरले आहे. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात, उन्हात पसरून वाळवा, हे भाच्याने आठवणीने सांगितले. या वेळी चष्मा त्यानेच लावला होता.

जाताना त्यांनी कामांची एक यादी तोंडी सांगितली, ती सासूबाईंना पाठ आहे. मृगाआधी पनाळ साफ करायची, माळवदावरच्या भेगांत नवी पांढरी भरायची, भिंतीत पिंपळाचे रोप दिसले तर ते अंगठ्याएवढे होण्याआधी मुळासकट काढायचे, तुळईवर वाळवीची मातीची नळी दिसली तर कळवायचे, आणि दिवाळीला एक हात सफेदीचा. यातले बरेचसे आम्ही घरचेच करू शकतो. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी मुलगा पुण्याहून आला होता. बापलेक दोघे माळवदावर चढले आणि भेगा भरता भरता दोन तास खाली आले नाहीत. ते काय बोलत होते ते ऐकू आले नाही. खाली पांढरी माती मात्र साण्याच्या काचेवर पडत होती आणि सासूबाई काठीने काच ठोकून त्यांना ओरडत होत्या.

आता पावसाळ्याबद्दल, कारण त्यासाठीच मी इतके महिने थांबले. सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरातला, आणि या वर्षी तो दोन वेळा रात्रभर पडला. पहिल्या रात्री आम्ही सवयीने पलंग सरकवले, पातेली मांडली आणि जागे राहिलो. माळवदातून थेंब आला नाही. साण्याच्या काचेच्या एका कोपऱ्यातून ओघळ आला, तो दुसऱ्या दिवशी मेणाने बंद केला. भिंतींना जमिनीपासून वीतभर ओल आली, सासूबाईंनी दाखवली होती तेवढीच, आणि दसऱ्यापर्यंत ती वाळली. पूड झडलेली नाही. माळवदावर बोटभर गवत उगवले आहे आणि तिथे शेजारचे मांजर झोपते.

पाचपैकी किती गुण, असे विचारले तर माळवदाला पाच, गिलाव्याला साडेचार, सफेदीला तीन, वेळ पाळण्याला दोन, आणि दाराला गुण देण्याचे मी टाळते. ज्यांना पंधरा दिवसांत घर मोकळे हवे आहे, ज्यांच्याकडे पाणी साठवायला जागा नाही किंवा ज्यांचे घर मुळातच सिमेंटचे आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये. दगड-मातीच्या घरात राहणाऱ्यांनी मात्र ठेकेदाराचा गिलावा पुन्हा एकदा चढवण्याआधी या पद्धतीचा विचार करावा, आणि अंदाजात सांगितलेल्या दिवसांवर पंधरा दिवस वाढवून धरावेत.

मागचे दार दुरुस्त करण्यासाठी मिस्त्री ओळखीचा सुतार घेऊन येत्या आठवड्यात येणार आहेत. पती म्हणतात बुधवारी बोलवा, त्या दिवशी नळ आहे. सासूबाईंनी कडक भाकरी आणायला सांगितले आहे.